किरायदाराच्या पायाखाली

मुलचेऱ्यात बदली होऊन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "इथून बदली कधी होते?" दुसरा असतो, "खोली कुठं मिळेल?" पहिल्याचं उत्तर इथं कुणालाच ठाऊक नाही, ते मुंबईत असतं म्हणतात. दुसऱ्याचं उत्तर मी आहे.

निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा नागपुरातल्या मुलानं म्युच्युअल फंड सुचवले, व्याह्यांनी प्लॉट सुचवला, आणि मी घरामागच्या परसात, जिथं तोवर वालाचे वेल आणि शेजाऱ्यांच्या शेळ्या नांदत होत्या, तिथं किरायाच्या तीन खोल्यांची लाइन काढली. दहा बाय बाराची एकेक खोली, पुढं ओटा, मागं न्हाणी. हिशेब सरळ होता. तालुक्याचं गाव म्हटल्यावर तहसील आली, पंचायत समिती आली, वनविभाग, बँक, दवाखाना, पोलीस ठाणं आलं. तिथं काम करणारी माणसं आली, आणि त्यातली बरीचशी बाहेरगावची. एक बदलून जातो, दुसरा बदलून येतो. आमच्या जिल्ह्यात धान बुडो की मोहफुलं बुडोत, बदल्यांचं पीक बुडत नाही.

भिंती उठल्या, स्लॅब पडला, प्लास्टर झालं, आणि मिस्त्रीनं थापी धुताधुता विचारलं, "मास्टरमोशाय, खाली काय टाकायचा?"

मिस्त्री बंगाली वस्तीतला. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनं या जंगलात जमिनी देऊन वसवलं. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही गावं त्यांचीच. त्यामुळे आमच्याकडे दुर्गापूजेला ढाक वाजतो, बाजारात मासळी सगळ्यात आधी संपते, आणि बांधकामावर मराठी व्याकरणाला सुट्टी असते. बंगालीत वस्तूंना लिंग नाही. म्हणून माझ्या परसात सिमेंट आली, गिट्टी आला आणि रेती महाग झाला. उभी हयात नामाची लिंगं शिकवण्यात गेलेल्या माणसाला हे जड जातं. पण त्याचा ओळंबा कधी केसभर चुकत नाही, आणि माझ्या व्याकरणात शुद्ध असलेले दोन मिस्त्री मी याआधी भिंती वाकड्या करताना पाहिले होते. म्हणून त्याच्या "टाकायचा"ला मी काही बोललो नाही. बोलायला उत्तर तरी कुठं होतं?

घराला फरशी निवडणं सोपं असतं. घरातल्या बाईला जी आवडते ती बसते. बाकीचे चर्चा करतात. किरायाच्या खोलीचं तसं नाही. तिथं फरशी निवडणारा तीवर चालणार नसतो, आणि चालणारा अजून लातूर-नांदेडकडे बदलीच्या यादीत स्वतःचं नाव शोधत असतो. तो कसा असेल, त्याचं सामान किती, बायको सोबत आणेल की वैताग, यातलं काही माहीत नसताना आपण त्याच्या तळपायाची सोय करायची. मुलीसाठी स्थळ पाहतानासुद्धा निदान मुलाचा फोटो येतो.

तसा मी फरशीला नवखा नव्हतो. नोकरीत मी स्वतः जिल्हाभर किरायदार होतो, आणि किरायदाराइतकी फरशी कुणी जवळून पाहत नाही, कारण पलंग त्याच्याकडे नसतो. पहिली नेमणूक भामरागडच्या बाजूला. घरमालकीण म्हातारी माडिया आजी, जमीन मातीची, किराया नावापुरता आणि अट एकच, आठ दिवसांनी सारवायचं. तिला मराठी येत नव्हती, मला माडिया. अट तिनं हातानं सारवून दाखवली. माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे शेणाचा पो स्वतःलाच कालवावा लागे. पण आजही घरमालकाच्या नजरेनं पाहिलं तर त्या जमिनीइतकी बिनखर्चाची दुसरी नाही. उखणली तर माती लावा, खड्डा पडला तर माती लावा. नुकसानभरपाई म्हणून किरायदाराकडून एक टोपली शेण घ्या आणि अनामत परत करा.

मग तीच जमीन मी का केली नाही? एक तर आता शेणसुद्धा मागून आणावं लागतं. दुसरं, मेक्सिको आड आला. तिथल्या कोआविला राज्यात 2000 साली गरिबांच्या घरातल्या मातीच्या जमिनीवर सिमेंट टाकून देण्याची योजना निघाली, पिसो फिर्मे नावाची. म्हणजे पक्की जमीन. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशेब केला आणि 2009 साली छापला. पूर्ण घराला सिमेंट आलं तिथं पोरांच्या पोटातले जंत 78 टक्क्यांनी आणि पंडुरोग 81 टक्क्यांनी उतरला. शिवाय त्या घरातल्या आयांची उदासी कमी झाल्याचंही त्यांनी मोजलं. मी हे जेवताना बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ही म्हणाली, "सारवणं सुटल्यावर बाई सुखी होते हे मोजायला मेक्सिकोला कशाला जायचं होतं? माझ्या आईला विचारायचं."

दुसरी जमीन एटापल्लीला भेटली, कोब्याची. तिसरी सिरोंच्यात. सिरोंचा म्हणजे नदीपलीकडे तेलंगणा, त्यामुळे तिथल्या घरांत पलीकडून आलेला दगड. उन्हाळ्यात दुपारी त्या दगडावर उघड्या पाठीनं पडण्यात जे सुख आहे ते सातव्या वेतन आयोगात नाही. शेवटी गडचिरोलीला मोझॅक, कारण जिल्ह्याचं ठिकाण. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरपासून वेगळं निघून गडचिरोली जिल्हा झाला, आणि जिल्हा झाल्यावर घरमालकांनी दोन गोष्टी केल्या: किराया वाढवला आणि मोझॅक बसवलं. त्या ठिपक्यांत पडलेली वस्तू सापडत नसे. शर्टाचं बटण पडलं की ते मोझॅकचं झालं.

तर एवढ्या जमिनींचा अनुभव गाठीशी होता. पण किरायदाराला जमीन आवडली की नाही एवढंच कळतं. ती कितीला पडली, हे घरमालकाला कळतं.

सल्ले देणारे जमले. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी कोब्याचे कट्टर. ते म्हणाले, "सर, आपल्या भागात सिमेंट पिकते. घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर, सारे चंद्रपूरचे कारखाने आपल्या उशाशी, अन् तुम्ही गुजरातची टाइल आणून राहिले?" मुद्दा बिनतोड होता. चंद्रपूरच्या पोटात चुनखडी आहे म्हणून ते कारखाने तिथं आले, आणि देशभर पोती जातात. कोबा स्वस्त, अखंड, जोडाच्या फटी नाहीत, पाटा आपटा, उखळ आपटा, खोबणी पडेल पण फुटून वर येणार नाही. लाल रंग घातला की दिसतोही देखणा. जुन्या वाड्यांतला लाल कोबा पिढ्यान्‌पिढ्या पायानंच चकाकत गेलेला असतो.

पण कोब्याला पाणी लागतं, आणि आमचं काम निघालं होतं मे महिन्यात. उन्हासाठी चंद्रपूरचं नाव टीव्हीवर देशातल्या पहिल्या पाचांत येतं तो महिना. ओला कोबा एवढ्या उन्हात भराभर सुकला की त्याला बारीक तडे जातात. म्हणून सुतळीनं रेघा मारून त्याचे चौकोन पाडायचे, मातीची आळी करून वर आठ-दहा दिवस पाणी साठवून ठेवायचं. मिस्त्रीनं हे सगळं सांगितलं आणि आमच्या विहिरीकडे पाहिलं. विहिरीत तेव्हा बादली खाली सोडली की पाण्याआधी गाळाचा आवाज येई. शिवाय तडा गेला की तो निव्वळ तडा राहत नाही. जंगलाचा मुलूख आहे. पावसाळ्यात प्रत्येक फटीला मालक मिळतो. मला किरायदार माणसंच हवी होती. विंचवाकडून किराया वसूल करायची पद्धत अजून निघालेली नाही.

व्याह्यांनी शहाबादी सुचवली. त्यांचं घर शहाबादीचं, आणि आपल्या घरात जे आहे ते दुसऱ्याच्या घरात बसलेलं पाहिलं की माणसाला आपण बरोबर होतो असं वाटतं. कलबुर्गीकडचं शहाबाद, तेलंगणातलं तांडूर, राजस्थानातलं कोटा, आंध्रातला कडप्पा; गावांची नावं घेऊन फिरणाऱ्या या फरश्या. दगड जाड, मजबूत, घासून पॉलिश केला की नवा. मला पटत आलं होतं. पण एक गोष्ट मला गडचिरोलीच्या घरमालकानं पूर्वी शिकवली होती: दगडाची परीक्षा किरायदार राहतो तेव्हा होत नाही, तो सोडून जातो तेव्हा होते. जाणारा माणूस अनामत वाचवायला शेवटच्या दिवशी खोली घासायला घेतो, आणि हाताशी असते संडासची ॲसिडची बाटली. शहाबादी, कोटा, कडप्पा ही सगळी चुनखडीची घराणी. ॲसिड पडलं की फसफसतात आणि चमक घालवून बसतात. चिंचेचं पाणी, लिंबूसुद्धा त्यांना चालत नाही. म्हणजे जो किरायदार काहीच न करता घाण ठेवून गेला तो परवडला. स्वच्छ करून गेला की पॉलिशवाला बोलवा.

राहिली टाइल. टाइलच्या दुकानात शिरणं म्हणजे कपड्यांच्या दुकानात शिरण्यापेक्षा अवघड, कारण इथं अंगाला लावून बघता येत नाही. दुकानदारानं एकामागून एक टाइल उभ्या केल्या. मोरबी, मोरबी, मोरबी. गुजरातच्या त्या एका गावातून आपल्या देशातल्या बहुतेक टाइल निघतात. हजारावर किलोमीटरचा प्रवास करून ती माती चौकोनी होऊन मुलचेऱ्यात येते, आणि इथली माती इथंच चिखल होते. "ही सर, डबल चार्ज. ही जीव्हीटी. ही फुल बॉडी. ही कार्विंग." मी खुर्चीत बसलो.

मग त्यानं आवाज खाली आणला आणि एक टाइल काढली. "ही सध्या फार चालते. सागवान." खरंच सागवान. रेषा, गाठी, तो तेलकट पिवळा-तपकिरी रंग. मी हात फिरवला. टाइल. आलापल्लीचं सागवान जगात नावाजलेलं. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या डेपोतून लाकूड गेलं तेव्हा आमच्याकडे मिरवणुकीचा थाट होता. खऱ्या सागवानाची जमीन करायची म्हटली तर पैसा हवा, वाहतुकीचा परवाना हवा, आणि नंतर उदईची परवानगी हवी. म्हणून सागवानाच्या जंगलात राहून आम्ही मोरबीला छापलेलं सागवान बघतो, ते ट्रकनं येतं आणि वाटेत त्याला बहुधा खऱ्या सागवानाचा ट्रक आडवा जातो. मी ती टाइल घेतली नाही. शेजारी वनपाल राहतात. उगाच चौकशी नको.

एवढं मात्र खरं की दुकानदारानं मला एक कामाची गोष्ट शिकवली. जीव्हीटीचं डिझाइन वरच्या काचेच्या थराखाली छापलेलं असतं. तो थर घासला गेला की संगमरवराचं पितळ उघडं पडतं. डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर खोल दाबलेला असतो, त्यामुळे ओरखडा पडला तरी खाली तोच रंग. शिवाय व्हिट्रिफाइड टाइल बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली, पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. अर्ध्या टक्क्याच्याही आत. चहा, हळद, तेल, सगळं पुसून निघतं. भावही ऐकण्यासारखा होता.

भाव ऐकला की मास्तरातला हिशेबनीस जागा होतो. दोन बाय दोनच्या चार टाइल एका डब्यात, म्हणजे सोळा फूट, असं दुकानदार म्हणाला. मी डबा वाचला. वर लिहिलं होतं सहाशे बाय सहाशे मिलिमीटर. सहाशे मिलिमीटर म्हणजे दोन फुटांना थोडं कमी, आणि चार टाइल मिळून भरतात साडेपंधरा फूट. डब्यामागं अर्धा फूट मोरबी ते मुलचेरा वाटेत कुठंतरी सांडतो. एकशे वीस फुटांच्या खोलीला साडेसात डबे की पावणेआठ, यावर मी दुकानात कागद मांडला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "सर, नऊ घ्या. एक फुटते, एक कापण्यात जाते, अन् एक डबा ठेवून द्या. पुढच्या साली हीच मागाल तर डिझाइन बंद झालेलं राहते, अन् चालू असलं तरी लॉट बदलला की रंग जुळत नाही." गणितात मी बरोबर होतो, पण किरायाच्या खोलीचा अभ्यास त्याचा जास्त होता.

रंगावरून मात्र घरात दोन तट पडले. मुलानं व्हॉट्सअॅपवर पांढऱ्या शुभ्र खोलीचा फोटो पाठवला. ही नुसतं "मुलचेऱ्यात?" म्हणाली. लग्नाआधी तिच्या आईनं तिला कायम मळखाऊ रंगाचे फ्रॉक घेतले, तो राग तिनं स्वतःच्या साड्यांवर काढला. पण किरायदाराच्या बाबतीत ती आईच्या वळणावर गेली. मग आम्ही संशोधन केलं. ओट्यावर उभं राहून पाहिलं की आमच्या गावातली घाण नेमकी कुठल्या रंगाची आहे. पावसाळ्यात तांबड्या मुरुमाचा चिखल. उन्हाळ्यात धूळ, आणि सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज घेऊन आलापल्ली-आष्टी रस्त्यानं ट्रक धावायला लागल्यापासून तीही लालसर. मार्च-एप्रिलात मोहफुलं पायाला चिकटून येतात, ती वाळली की तपकिरी. चुलीची राख करडी. हे सगळं ज्या रंगावर दिसणार नाही असा रंग शोधायचा. दुकानदारानं आमची मागणी ऐकली आणि कोपऱ्यातून एक टाइल काढली. तपकिरीवर लालसर ठिपके, मधूनच करडी शिंतोड. नाव होतं काहीतरी इटालियन. खरं तर ती नवी असतानाच वापरलेली दिसत होती. ही म्हणाली, "हीच."

किरायदार मला एकूण चार जातींचे माहीत आहेत, आणि टाइल त्या चौघांना डोळ्यासमोर ठेवून तपासली.

पहिला वनरक्षक किंवा पोलीस शिपाई. स्वभावानं सोन्यासारखा, पण मोटारसायकल खोलीत झोपवतो. बाहेर ठेवली तर रात्री पेट्रोल आटतं, असा त्याचा अनुभव. खोलीत गाडी साइड स्टँडवर उभी राहते, म्हणजे गाडीचं कलतं वजन पन्नास पैशांच्या नाण्याएवढ्या लोखंडावर. टाइलच्या खाली माल नीट भरला नसेल तर टाइल पोकळ राहते आणि त्या जागी तडकते. म्हणून मिस्त्री टाइल बसवून झाल्यावर थापीच्या दांड्यानं एकेक ठोकत जातो. "ही बोलतो," म्हणाला की ती काढायची. संध्याकाळी मी स्वतः रुपयाचं नाणं घेऊन तिन्ही खोल्या वाजवल्या. शेजारच्या पोरांना वाटलं, सरांनी तबला धरला.

दुसरी नर्सबाई किंवा शिक्षिका. फरशीला फिनाइल पाजून पाजून मारणारी. तिची अडचण फरशी खराब होण्याची नाही, घसरण्याची. म्हणून चकचकीत नको, खरखरीत मॅट हवी. पावसाळ्याच्या तोंडाला गार फरशीवर हवेतला दमटपणा येऊन बसतो आणि टाइलला घाम फुटतो. कोबा तो थोडाफार पिऊन घेतो, टाइल पीत नाही. त्या दिवसांत चकचकीत टाइलवरून चालणं म्हणजे नोकरीतली सगळ्यात जोखमीची ड्युटी.

तिसरा म्हणजे रस्त्याच्या ठेकेदाराची माणसं. नावावर एक, प्रत्यक्षात किती ते रात्री चपला मोजून कळतं. ते खोलीत स्वयंपाक करतात, आणि गॅस सिलिंडर उचलत नाहीत, बुडावर कलंडवून गरगर फिरवत नेतात. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात. तो जिथं थांबतो तिथं गंजाचं गोल कडं उमटतं, आणि ते लिंबू, मीठ, राख, शिव्या कशालाच दाद देत नाही. आमच्या टाइलवर तो गंजाचा रंग आधीपासूनच होता.

चौथा किरायदार सगळ्यात दुर्मीळ, आणि प्रत्येक घरमालक देवाकडे तोच मागतो. तो म्हणजे कागदावर राहणारा. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहायचं असा नियम आहे, घरभाडे भत्ता त्यावर अवलंबून. खेड्यातल्या शिक्षकांना तर राहत असल्याचा ग्रामसभेचा ठरावही आणावा लागतो. मग कुणी एक खोली घेतो. आत एक गादी, एक घागर, खुंटीला एक शर्ट. कुलूप. तो रोज दूरवरून येतो आणि जातो, किराया पहिल्या तारखेला पोचवतो. त्याच्या खोलीतली फरशी कायम कोरी राहते. मार्कंड्याच्या देवळातला दगड शेकडो वर्षं टिकला याचं कौतुक करतात. पण तिथं महाशिवरात्रीला जत्रा भरते. माझ्या या किरायदाराकडे तर महाशिवरात्रीलाही कुणी फिरकत नाही. त्याच्या खोलीत शेणानं सारवलं असतं तरी दहा वर्षं चाललं असतं.

फुटली तर भरून कोण देणार, हेही पाहून घ्यावं म्हटलं. केंद्रानं 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्याच्या शेवटी कुठली दुरुस्ती घरमालकाची आणि कुठली किरायदाराची याची यादी आहे. मुलाकडून ती छापून मागवली. भिंतीला रंग माझा, नळाचा वायसर त्याचा. दाराची मूठ त्याची, खिडकीची काच त्याची, माशांची जाळी त्याची. बाथटबसुद्धा आहे. बाथटब! मुलचेऱ्यात माझ्या माहितीत एकच टब आहे, त्यात शेजाऱ्यांची म्हैस पाणी पिते. फरशीचं नाव मात्र मला दोन्ही रकान्यांत सापडलं नाही. ज्यानं ती यादी केली तो बहुधा गालिच्यावर राहत असावा.

तर टाइल बसली. मिस्त्रीनं जोड भरायला पांढरं सिमेंट काढलं, ते मी हाणून पाडलं आणि तपकिरी मागवलं. पांढरा जोड मुलचेऱ्यात दोन महिन्यांत काळा होतो आणि मग सगळी फरशी चौकटीच्या वहीसारखी दिसते. भिंतीला चार बोटं उंच त्याच टाइलची पट्टी लावली, झाडू-फडक्यानं रंग खराब होऊ नये म्हणून. उरलेला डबा माझ्या पलंगाखाली गेला. मिस्त्री निघताना मागं वळून म्हणाला, "मास्टरमोशाय, फरशी टिकणार. किरायदार टिकला तर सांगा." हे त्यानं निर्दोष मराठीत सांगितलं, व्याकरणासकट.

पहिली खोली नुकतीच नेमणूक झालेल्या एका आरोग्यसेविकेनं घेतली. मराठवाड्याकडची मुलगी. सोबत वडील. मी किल्ली फिरवून दार उघडलं, बाजूला झालो, आणि दोघांची नजर खाली जाण्याची वाट बघत उभा राहिलो. बोलायला मुद्दे तयार होते: डबल चार्ज, मॅट, अर्धा टक्का पाणी. वडिलांनी आधी छत पाहिलं, मग खिडकीची जाळी, मग मागचं दार वाजवून पाहिलं. "साप निघतात का हो?" म्हणाले. मी म्हटलं, "परसात निघतात. आत फट नाही एकही." आणि फरशीकडे हात केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मुलगी तोवर मोबाइल डोक्यावर धरून खोलीभर फिरत होती. खिडकीजवळ थांबली, एक पाय उंच केला आणि ओरडली, "पप्पा, इथं दोन दांड्या येतात!" खोली ठरली.

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळा सांगायला म्हणून गेलो. उंबरठ्याच्या आत पाय टाकणार तोच थबकलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लास्टिकची मॅट पसरलेली, कडा चिकटपट्टीनं घट्ट बसवलेल्या. वर पांढऱ्या संगमरवराचं डिझाइन, मध्ये निळं कमळ. मुलगी आनंदात होती. "काका, खालची फरशी जरा डल वाटत होती ना, म्हणून टाकली. बाजारात मिळाली. मीटरवर देतात." मी म्हटलं, "छान केलंस." दुसरं काय म्हणणार? त्या क्षणापासून माझ्या फरशीवर एक थेंबही पडणार नव्हता. गाडी, सिलिंडर, ॲसिड, सगळ्यांशी आता ते निळं कमळ लढणार होतं, आणि त्याचे पैसेही तिचेच.

घरी येऊन हिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं, मग आमच्या पुढच्या खोलीतल्या, मी स्वतः सात दुकानं फिरून निवडलेल्या फरशीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "पांढऱ्यावर निळं कमळ म्हणता? तिला विचारून ठेवा, आपल्या या खोलीच्या मापाची मिळते का."